ऐकू येईल ते सगळं लिहायचं

१० एप्रिल २०२४, बुधवार

आधी तक्रार लिहिते, रामराम मागून. भर एप्रिलात, दुपारी साडेबाराला, म्हाताऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावर बसवून पंखा बंद करतात या घरात. फ्रिजसुद्धा बंद. का, तर आवाज होतो. फ्रिजचा आवाज ऐकायला कोण बसलंय इथं? तर आमची नात बसली आहे. चार लाख फी भरून शिकून आली आहे ती, फ्रिजचा आवाज ऐकायला.

आता रामराम. मी मुक्ताबाई, वय एकाहत्तर, शाळा चौथीपर्यंत. 'हाय' लिहिलं की मास्तर छडी मारायचे, म्हणून लिहिताना 'आहे' लिहिते. बोलताना छडी मारणारं आता कुणी उरलं नाही.

केसनंदच्या पुढच्या आमच्या वस्तीवरून आज वाघोलीला हेमाकडे राहायला आले. जयसिंगानं, म्हणजे माझ्या लेकानं, टेम्पोतून आणून सोडलं. त्याच्या दुसऱ्या बायकोला एवढा आनंद झाला की माझी पिशवी तिनंच भरली. घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरीतून लांबवर नुसत्या इमारती. पाणी टँकरचं. गाव महापालिकेत गेलं, नळ मात्र यायचा राहिला.

हेमा एका खोलीत झोपते आणि दुसरीत कमावते. दारावर पाटी आहे, साउंड इंजिनीअर. शेजारचे काका मघाशी बिघडलेला स्पीकर घेऊन आले होते, दुरुस्तीला. रोज कुणीतरी येतं म्हणे. त्या खोलीत लाकडाचं एक खोपटं उभं केलंय, उभ्या कपाटाएवढं, दाराला हातभर काच. त्याला बूथ म्हणायचं. त्यात बसून बोलायचं, आणि हेमा बाहेर कानाला हेडफोन लावून ते मशिनीत भरणार.

येताना चार गोधड्या आणल्या. पोरगी नाचलीच. मला वाटलं, अंथरील. कसली अंथरते! चारही बूथमध्ये भिंतींना ठोकल्या. बाजारातला फोम महाग, आणि गोधडी त्याच्यापेक्षा बरी म्हणे. ती आवाज पिते आणि परत सोडत नाही. लाल-हिरवी बरोबर माइकच्या मागं लावली. ती नको, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

आणि मला नोकरी लागली. खोटं नाही. हेमाचा मदतनीस कॉल सेंटरला गेला, तिथं दुप्पट मिळतात. आता बूथच्या दाराशी बसून बाहेरचा कोणताही आवाज आला की वेळ टाकून लिहायचा, म्हणजे तिला नंतर तो काढून टाकता येईल. ही वही त्यासाठीच, बियाणे कंपनीची फुकट डायरी. हेमानं बजावलंय, ऐकू येईल ते सगळं लिहायचं, तुला महत्त्वाचं वाटो न वाटो. दोनशे रुपये रोज. माझे कान अजून मांजराचे आहेत. पानावर वरती आवाज लिहीन, खाली माझं.

१२ एप्रिल, शुक्रवार

१२.३५ विमान, लोहगावचं लढाऊ. १२.५२ वरच्यांचा कुकर, तीन शिट्ट्या. १.१० पुन्हा विमान. १.१८ खालच्या बाईचं मुलावर ओरडणं. १.४० पारवा.

वाचायला बिलकिसबाई येतात. शाळेतून निवृत्त, तीस वर्षं मराठी शिकवलं. काल त्यांची ईद झाली, आज डबा भरून शीरखुर्मा आणला. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हटलं, साखर जरा कमी पडली. त्या म्हणाल्या की तोंड चालवायला तुम्हालाच आत बसवायला हवं होतं. बाई पटली मला.

त्यांना तासाचे दोन हजार. हेमाला अख्ख्या भागाचे पंधराशे, आणि एका भागावर ती दिवसभर मान मोडून बसते. श्वास काढ, थुंकीचा आवाज काढ, विमान काढ. मी म्हटलं, बये, चुकीचं शिकलीस, वाचायलाच शिकायचं. ती हसली. म्हणाली, गळा सगळ्यांना ऐकू येतो, कान कुणाला दिसत नाही.

हिचं आधीचं मला कुठं माहीत होतं! कोर्स झाल्यावर सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओत सहा महिने फुकट. केबली गुंडाळायच्या, चहा आणायचा, साहेबांच्या मागं उभं राहून बघायचं. मग महिना नऊ हजार. मग स्वतःचं काढलं, एका गाण्याचे चार हजार, तेही ओळखीचे असले की ओळख तेवढी देतात. तिच्या वर्गातला मच्छिंद्र लग्नात डीजे लावतो, तो एका वरातीत तिचा महिना कमावतो आणि म्हणतो, तू कलाकार आहेस बाबा.

आता मात्र दिवस फिरतील. मोबाइलवर गोष्टी ऐकवणारी कंपनी आहे, साठ भागांची कादंबरी दिली आहे. पहिले दहा पास झाले की कायमची नोकरी, महिना अडतीस हजार, पीएफ कापून. कागद तिनं देवाजवळ ठेवलाय. मी वाचला. खरंच लिहिलंय तसं.

वाचून झालं की शेवटी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. हलायचं नाही. नुसती रिकामी खोली मशिनीत भरायची. वाक्यांच्या मधे तीच शांतता जोडावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला मधेच भोक पडल्यासारखं वाटतं. बिनआवाजाचासुद्धा आवाज असतो म्हणे. असेल. मी पापणी हलवली नाही.

१५ एप्रिल, सोमवार

१२.३१ विमान. १२.४४ टँकरचा हॉर्न. १.२० कुकर. १.४८ शेवटचं मिनिट. काही नाही.

जेवताना हेमा सहज बोलून गेली की तिला आईचा फोटो आहे, आवाज नाही. ती दोन वर्षांची होती तेव्हा आई गेली. लोकांचे आवाज साफ करता करता कधी वाटतं म्हणाली, आपल्या आईचा कसा होता कोण जाणे. मला विचारलं, कसा होता गं? मी म्हटलं, चारचौघींसारखा.

भाजीत मीठ जास्त झालं आज.

वरती 'काही नाही' लिहिलंय. ते असू दे.

१७ एप्रिल, बुधवार

१२.५० विमान. १.०५ पारवा. १.४६ शेवटचं मिनिट. काही नाही.

नाही. निदान इथं खाली तरी लिहिते. सोमवारी शेवटच्या मिनिटात हाक आली होती. बाईची. लांबून. "आत्या." थोड्या वेळानं पुन्हा, "आत्या." मग नाही. काल आली, आज आली. रोज दोन.

आज बिलकिसबाईंनीही ऐकली. बूथमधून बाहेर आल्या तर चेहरा धुतल्यासारखा पांढरा. म्हणाल्या की माइकमागच्या गोधडीतून कुणीतरी हाक मारली आणि ती मला नव्हती, मला कुणी आत्या म्हणत नाही. हेमा म्हणाली, खालच्या मजल्यावरची असेल, आजी, तू ऐकलीस का? मी म्हटलं, नाही बाई.

बिलकिसबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी तीस वर्षं खोटं बोलणारी पोरं बघितली आहेत.

आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. दुसरी सून मला अहो म्हणते, तेही वर बघत. आत्या म्हणणारी एकच होती. श्यामला. हेमाची आई.

आवाज तोच आहे. 'त्या'वर जरा ओढायची ती.

१९ एप्रिल, शुक्रवार

बिलकिसबाई येत नाहीत. फोनवर हेमाला म्हणाल्या, पैसे नकोत, पण त्या खोपट्यात बसणार नाही, आणि तुझ्या आजीला विचार. हेमानं विचारलं नाही. ती आता स्वतःच आत बसून वाचणार आहे, दुसरी वाचणारी बघायला वेळ नाही.

दुपारी कंपनीचा निरोप आला. पाठवलेले सगळे भाग परत. प्रत्येक वाक्याच्या मागं एक बाई हाक मारते, ती कोण? सोमवारची शांतता हेमानं सगळ्या भागांत जोडली होती, वहीत 'काही नाही' बघून. वहीवर भरवसा ठेवला पोरीनं. आठ दिवसांची मुदत दिली आहे, नाहीतर काम दुसऱ्याला.

रागावली नाही. तेच वाईट. म्हणाली, आजीचं वय झालं, मीच ऐकायला हवं होतं.

माझ्या कानाला काही झालेलं नाही, हे मी सांगितलं नाही.

२० एप्रिल, शनिवार

लाल-हिरवी गोधडी काढली. हेमा बाजारात गेली होती तेवढ्यात खिळे उपसले, बादलीत भिजत घातली, दोनदा आपटून धुतली, गॅलरीत टाकली. ही श्यामलानं शिवलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, माझ्यासाठी. टाका बारीक होता तिचा, ते कबूल करायला हवं. पंचवीसच्या वर वर्षं मी अंगाखाली घेतली, कधी काही झालं नाही. झोपणारा कुठं ऐकत बसतो. इथं तिच्यासमोर कान लावून बसलेत.

हेमा आल्यावर भडकली. गोधडी हलली की खोलीचा आवाज बदलतो, जुने भाग आणि नवे भाग जुळत नाहीत. वाळली की परत लावणार.

बाहेर चाळीस डिग्री आहे. संध्याकाळपर्यंत खालून पाणी ठिबकत होतं.

२१ एप्रिल, रविवार

अजून ठिबकते.

हेमा दिवसभर ती हाक साफ करत बसली. आधी काढून टाकायची म्हणून. मग कोणाची ते कळावं म्हणून. पडद्यावर हिरव्या रेघा, त्यात तिनं बोटानं दाखवलं, ही बघ पहिली, ही दुसरी. दर वेळी आवाज स्वच्छ होत गेला. शेवटी तर दारात उभं राहून मारल्यासारखी.

मग म्हणाली, आजी, गंमत बघ, ही आपली खोली नाहीच. आवाज कुठून परत येतो त्यावरून जागा कळते. ही जागा गोल आहे. दगडी. खोल. खाली पाणी आहे.

पोरीच्या शिक्षणाचे चार लाख फुकट गेले नाहीत.

इथून आमची विहीर दोन कोसांवर. तीही बुजवली, वर बिल्डरचं पार्किंग झालं.

२२ एप्रिल, सोमवार

आता लिहावं लागेल.

आमच्याकडे भर दुपारी हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. पहिली सोडायची, दुसरी सोडायची. माणूस असेल तर तिसरी मारतो. ते दुसरं असेल तर त्याला तिसरी मारता येत नाही. आणि ओ दिली तर जो देईल त्याला घेऊन जातं. माझ्या सासूनं शिकवलं, मी सुनेला शिकवलं.

दोन हजार साल, वैशाख, भर दुपार. मी ओसरीवर त्या गोधडीवर पडले होते. श्यामला विहिरीवर. हाक आली, आत्या. मग दुसरी. सगळ्यांना मी सांगितलं की दोनच आल्या, तिसरी आली नाही, म्हणून उठले नाही. आमचे मालक सर्जेराव म्हणाले, बरोबर केलंस. वस्ती म्हणाली, बरोबर केलं. श्यामलाची आई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, तुमचा दोष नाही. चोवीस वर्षं कुणी एक शब्द विचारला नाही.

गोधडी आज परत लावली हेमानं. ओलीच.

२३ एप्रिल, मंगळवार

१.४६ शेवटचं मिनिट. हाक, दोनदा. लिहिलं. आता सगळं लिहिते.

हेमानं दुसऱ्या हाकेच्या पुढचा भाग मोठा करून ऐकला. मलाही हेडफोन लावला. म्हणाली, हाक मारणारी लांब आहे, पण हे ऐकणारी कुणीतरी जवळ आहे, अगदी जवळ. ऐक.

डबीचं झाकण. टक. मिशरीची डबी.

मग हाक. बारीक. तिसरी.

मग बांगड्या वाजल्या, अंथरूण सरकलं. हेमा म्हणाली, ऐकलंस? जागी आहे ती बाई. तिसरी हाक ऐकून कुशीवर वळली.

हात बघितले माझे तिनं. मोकळे आहेत, सर्जेराव गेल्यापासून. पण मिशरीची डबी तिथंच माझ्या मांडीवर होती.

हेडफोन माझ्या कानावरून काढून घेतला. 

२४ एप्रिल

तिसरी आली होती. आली होती. तिसरी म्हणजे माणूस, हे मला माहीत होतं.

सकाळी भांडण झालं होतं. तिनं माहेरून टेप आणला होता, धान्य निवडताना गाणी लावायची. माझं डोकं उठायचं. मी सेल काढून पिठाच्या डब्यात लपवले. हाक आली तेव्हा वाटलं, सेल मागायला बोंबलते आहे. बोंबलू दे. तिसरी ऐकली आणि पाठ केली.

पाय घसरला होता तिचा. पायरीला धरून होती. हाताच्या नखांत शेवाळ होतं, मीच पुसलं.

टेप भंगारात दिला. आत तिनं भरलेली कॅसेट होती, हेमाला झोपवताना गायलेली. ऐकलीच नाही. देऊन टाकली.

हे सगळं हेमाला सांगितलं आज. तुझ्या आईचा आवाज आहे म्हटलं. आणि मी काय केलं तेही.

रडली नाही. हेडफोन कानावर चढवला आणि बसली. जेवली नाही. काहीतरी म्हणाली मला, पाणी दे म्हणाली बहुतेक — समोर बसून बोलली आणि आवाज खालून आला. गोल. ओला.

२५ एप्रिल

हेमा सकाळपासून बूथमध्ये. दार आतून लावलंय. काचेतून दिसते. जयसिंगाला फोन केला, निघालाय, पण वाघोलीत ट्रॅफिक —

१२.०५ विमान.

१२.०८ पाणी. बूथच्या दाराखालून. थंड. टँकर आज आलेला नाही.

१२.१० हेमाला हाका मारल्या. मान वर केली नाही. गोधडीला कान लावून बसली आहे, आईच्या छातीला लावावा तसा.

१२.१२ हाक. पहिली. आत्या.

दुसरी.

चोवीस वर्षं मी दोनच सांगितल्या. तिला तिसरी मारता येत नाही आता. नियमच आहे तो —

१२.१३ तिसरी.

हेमाच्या तोंडून. डोळे मिटलेले. 'त्या'वर ओढून. पोरगी मला आजी म्हणते, आत्या नाही — आणि हात वर धरलाय, पायरी पकडावी तसा. बोटं सुटत आहेत. मला दिसतंय.

तिसरी म्हणजे माणूस.

खिळे उपसायची पक्कड आहे. दार फोडते. पेन इथंच —

जयसिंगा, वही तुला सापडेल. आत हाक ऐकू आली तर कुणी ओ द्यायची नाही. तू नाही, शेजाऱ्यांनी नाही, बिलकिसबाईंनी नाही. हेमा बाहेर आली आणि मागून कुणी बोलावलं तर तिचं तोंड दाबून धर, तिनं तर मुळीच नाही. हाक माझी आहे. ओ मुक्ताबाईनंच द्यायची, दुसऱ्या कुणी —